जीपचं हूड आणि नवारीचे पट्टे



पापड, चौका, पर्युषणातली धावपळ असं लिहिता लिहिता ही बाई एकदम जीपच्या हुडावर कशी आली, असं काहीजणींना वाटेल. पण आमच्या घरात गेले तीन महिने दुसरा विषयच नव्हता. आणि हुडाचं काम म्हणजे शेवटी कापड, शिवण, वाळवण आणि घडी. हे चारही विषय आपले आहेत, गॅरेजवाल्यांचे नाहीत, असं माझं ठाम मत झालं आहे.

आमच्याकडं १९९२ सालची महिंद्राची ५४० जीप आहे. आण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ऊस गेल्यावर आलेल्या पैशातून घेतलेली. चारही चाकं ओढणारी, त्यामुळं पावसाळ्यात नदीकाठच्या काळ्या रानात जिथं ट्रॅक्टरसुद्धा विचार करतो तिथं ही निमूटपणे जाते. १५ वर्षं झाल्यावर दर ५ वर्षांनी तिचं पासिंग करून आणायचं, हा आमच्या घरातला एक सणच आहे म्हणा ना. शेताचं काम सोडलं तर तिचं खरं काम दिवाळीनंतर सुरू होतं. चातुर्मास संपतो, महाराजांचा विहार सुरू होतो, आणि आमच्या गावच्या चौक्याचं सामान घेऊन ही जीप पुढं निघते. पातेली, शेगडी, दळलेलं पीठ, तूप, गाळणी, शुद्ध कपड्यांची पेटी, सगळं मागच्या बाजूला. वर छत म्हणून फक्त ते कापडी हूड.

मागच्या विहारात उजव्या बाजूच्या पडद्याला बाभळीची फांदी लागली आणि खिडकीचं प्लॅस्टिक वीतभर फाटलं. त्या दिवशी रस्ता कच्चा होता. मुक्कामाला पोचून डबे काढले तर सगळ्या झाकणांवर धुळीचा थर, आणि पिठाच्या डब्याच्या काठाला एक पाकोळी चिकटलेली. वेळीच दिसली. तिला हलकेच बाहेर सोडलं, ते पीठ बाजूला काढलं, गावातल्या एका घरून नवीन दळून आणलं आणि आहाराची वेळ जेमतेम साधली. तुम्हाला सांगायला नको, ती दिसली नसती आणि पुढं भाकरीत काही निघालं असतं तर अंतराय. ज्यांचा दिवसातून एकदाच आहार, त्यांचा तो दिवस उपवासाचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा-बारा मैल चालणं. एका वीतभर फाटक्या प्लॅस्टिकमुळं. त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, "अहो, पुढच्या विहाराच्या आधी हूड नवीन झालं पाहिजे, आणि ते मी बघणार."

मुलाचा फोन पुण्याहून. "आई, आता कापडाचं कशाला? फायबरचं पक्कं टप बसव. एकदाच खर्च." त्याच्या मित्राकडं नवी थार आहे, तिचं छत दोन मिनिटांत मागं पडतं वगैरे. थार २०२० साली नवी आली तेव्हा तिच्यात कापडी आणि पक्कं अशी दोन्ही छतं मिळत होती, आणि बाहेरच्या कंपन्याही तिची तयार छतं विकतात. मोजून दिलेलं असतं, आणलं की बसलं. पण ३० वर्षांच्या ५४०चं तसं नाही. प्रत्येक जीपच्या कमानी कुणीतरी कधीतरी वाकवलेल्या, सरळ केलेल्या, वेल्डिंग मारलेल्या. तिला तयार कपडा होत नाही, शिंप्याकडंच जावं लागतं.

फायबरचं मीही विचारून पाहिलं. ४८,००० रुपये. पैशाचा प्रश्न वेगळा ठेवला तरी तीन गोष्टी मला पटेनात. एक म्हणजे गाडीचा मूळ बांधा बदलतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात नोंदणीच्या कागदापेक्षा वेगळा बदल करायला बंदी आहे. कापडाच्या जागी कापड घातलं तर तो प्रश्न येत नाही. दुसरं, पक्कं छत काढायला चार गडी लागतात, आणि ऊसलावणीच्या वेळी बेणं भरायला आमच्याकडं छत काढावंच लागतं. तिसरं, जी वस्तू आहे ती दुरुस्त करून चालत असताना मोठी वस्तू आणणं हे ह्यांच्या परिग्रहपरिमाणाला काही शोभत नाही. मी असं म्हटल्यावर मुलगा हसला. "आई, व्रताचा मुद्दा काढलास की माझं बोलणंच संपतं." संपू दे.

तर कापड. माझं माहेर इचलकरंजीचं, मागांच्या खडखडाटात वाढलेली मी. सूत हातात घेतलं की थोडं तरी कळतं. कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला कुशनची कामं करणारी बरीच दुकानं आहेत. सीट कव्हर, ट्रकची ताडपत्री, जीपची हुडं. आम्ही तीन ठिकाणी गेलो. दुकानदार आधी ह्यांच्याशीच बोलत होते. पहिल्या दुकानात मी कापडाची कड उलगडून सूत ओढून बघायला लागल्यावर तो गृहस्थ गप्प झाला आणि माझ्याकडं वळला.

सगळ्यात जास्त खपतं ते रेक्झिन. काहीजणींच्या मनात शंका असते की रेक्झिन म्हणजे चामड्यातलाच प्रकार का. नाही. रेक्झिन हे मुळात विलायतेतलं नाव. कापडावर रसायनाचा लेप देऊन ते चामड्यासारखं दिसेल असं करायचं. आता तो लेप पीव्हीसीचा असतो. त्यात जनावराचं कातडं नाही. ते पुसलं की स्वच्छ, पाणी आत येत नाही, आणि स्वस्त. ८,४०० रुपये सांगितले. पण त्याला उलटं करून बघा. पाठीला पातळ सुती किंवा विणलेलं कापड असतं. वरून पाणी जात नाही हे खरं, पण कडेला, शिवणीला, जिथं सुई गेली तिथून ते पाठीचं कापड पाणी पितं, आणि वरचा लेप त्याला वाळू देत नाही. म्हणून जुन्या रेक्झिनच्या हुडाला आतून काळे ठिपके पडतात. शिवाय उन्हात ते तापलं की नव्याचा वास. दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या जीपमध्ये तूप आणि पीठ ठेवायचं असेल तर हा वास मला चालणार नव्हता. आणि वर्षानुवर्षं ऊन खाऊन त्याचा मऊपणा जातो, मग घडीवर चिरा पडतात. तुमच्या जुन्या सोफ्याचे हात आठवा.

दुसरं, ट्रकवर असते ती पीव्हीसीची जाड ताडपत्री. आत पॉलिस्टरची जाळी, दोन्ही बाजूंनी लेप. मजबूत, आणि आत सूत नसल्यामुळं कुजत नाही. पण अशी ताठ की घडी घालताना मनगट दुखावं. ती ट्रकवर बांधून ठेवायची वस्तू आहे. काढ-घाल करायची नाही.

तिसरं, एक वेगळंच कापड एका दुकानात दाखवलं. ॲक्रिलिक. बंगल्यांच्या बाल्कनीवर आणि बोटींवर वापरतात ते. ह्याची गंमत मला आवडली. साधं कापड विणून मग रंगवतात, तेव्हा ते काकडीसारखं असतं, वरून हिरवं आणि आत पांढरं. हे पपईसारखं. धागा तयार होतानाच रंग आत मिसळलेला, त्यामुळं उन्हानं लवकर विटत नाही. बुरशीलाही खायला त्यात काही नाही. पण जीपभर कापडाचे आणि शिलाईचे मिळून २६,००० म्हणाला. आमच्या जीपला तो शालू झाला असता.

आणि चौथं, जुनं, सुती कॅनव्हास. कंपनीतून जीप आली तेव्हा हेच होतं. घट्ट विणीचं, दुहेरी सुताचं. त्याला वरून पाणी न लागण्यासाठी मेणाचा हात दिलेला असतो. त्याची कामाची पद्धत रेक्झिनच्या अगदी उलट. रेक्झिन पाण्याला दार बंद करतं. कॅनव्हासचं सूत भिजलं की फुगतं आणि विणीतली भोकं आपणहून मिटतात. वारा मात्र थोडा थोडा आरपार जातो, त्यामुळं आत घाम धरत नाही. पंचकल्याणकाच्या वेळी तंबूत राहिलेल्यांना माहीत असेल, पाऊस चालू असताना तंबूच्या कापडाला आतून बोट लावलं की नेमकं तिथूनच थेंब गळायला लागतो. ते हेच. लहान मुलांना म्हणूनच ओरडा पडायचा.

कॅनव्हासचे १३,५०० सांगितले. आता मी बी.कॉम. केलं ते काही फक्त भिंतीवर लावायला नाही. घरी येऊन वहीत मांडलं. आमच्या उन्हात रेक्झिन नीट दिसतं ते ३ वर्षं, असं तिन्ही दुकानदार म्हणाले. म्हणजे वर्षाला २,८०० रुपये. कॅनव्हास व्यवस्थित वाळवत राहिलं तर ६ वर्षं, म्हणजे वर्षाला २,२५०. अर्थात दुकानदाराची सहा वर्षं म्हणजे आपल्या भाजीवालीचं "आत्ता तोडलंय" असतं. ५ धरली तरी २,७००, म्हणजे रेक्झिनच्या बरोबरीला येतं. ४ धरली तर मात्र ३,३७५, आणि कॅनव्हास महाग पडतं. तेव्हा हिशोब एकाच शब्दावर अडला होता, "वाळवत राहिलं तर." वाळवणार कोण? मी. मग पैशाचा हिशोब बाजूला ठेवून मी स्वतःला विचारलं, भिजलेलं हूड मला ह्या वयात उचलेल का?

ओलं कॅनव्हास फार जड होतं. एकसंध हूड असेल तर मला आणि ह्यांना मिळूनही दोरीवर टाकता येणार नाही. पण छत वेगळं, मागचा पडदा वेगळा आणि बाजूचे दोन्ही पडदे वेगळे, असं सुटं शिवून घेतलं तर? छत जागेवरच वाळतं, वरून ऊन लागतंच. ओले राहतात ते पडदे, कारण ते गुंडाळून ठेवले जातात. एक पडदा म्हणजे जाड सतरंजीएवढं वजन. तेवढं जमतं. माझा कॅनव्हासचा निर्णय त्या दिवशी झाला, आणि तो कापड बघून नाही, माझ्या अंगणातली दोरी बघून झाला.

वाळवण्याला मी एवढं का धरून बसले, ते आपल्या लोकांना लगेच कळेल. ओलं सुती कापड घडी घालून ठेवलं की चार-सहा दिवसांत त्यावर बुरशी. बुरशी म्हणजे आपल्या दृष्टीनं अनंत निगोदिया जीव. मग ते घासून धुवा, उन्हात टाका, जे व्हायचं ते होतंच. लोणच्याच्या बरणीला, पापडाच्या डब्याला आपण जो यत्नाचार पाळतो, ओला चमचा नको, ओला हात नको, तोच इथं. एक बाई मला म्हणाल्या, "कॅनव्हासला बुरशी लागू नये म्हणून औषध दिलेलं असतं, ते चालतं का हो?" जुन्या हिरवट कॅनव्हासला तांब्याचं क्षार असलेलं द्रव्य देतात, ते कापड कुजू नये म्हणून असतं, हे खरं. मला असं वाटतं की जीव उत्पन्न होऊन मग मरण्यापेक्षा उत्पत्तीच होऊ न देणं केव्हाही बरं. तांब्याच्या हंड्यात पाणी आपण ठेवतोच की. पण औषधावर भिस्त ठेवून ओली घडी घालणं मला पटत नाही. ज्यांना अधिक विचारायचं असेल त्यांनी महाराजांना किंवा माताजींना विचारावं, मी काही पंडित नाही.

आता मेण. ह्यावर मी दुकानदारांचं डोकं खाल्लं. कॅनव्हासला देतात ते मेण दोन प्रकारचं असू शकतं. एक पॅराफिन, खनिज तेलातून निघणारं, मेणबत्तीचं. दुसरं मधमाशीच्या पोळ्याचं. आपल्या मूलगुणांत मधाचा त्याग सांगितला आहे आणि पोळ्याचं मेण तरी वेगळं कुठून येतं? नुसतं बघून किंवा हात लावून मला तरी फरक कळला नाही. पहिल्या दुकानात "मेण म्हणजे मेण, त्यात काय?" असं उत्तर मिळालं, तिथून आम्ही उठलो. तिसऱ्या दुकानातल्या चाचांनी मात्र कापडाचा गठ्ठा ज्यातून आला ते लेबलच काढून दाखवलं, पॅराफिन असं लिहिलेलं होतं. शिवणीवर नंतर हात द्यायला त्यांच्याकडं डबा होता, तोही दाखवला. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "वहिनी, जैन लोकांची कामं मी बापाच्या काळापासून करतोय. सरस लावणार नाही, सोल्यूशन लावतो. पुढं विचारा." सरस हा जनावराच्या कातड्या-हाडांपासून होतो, हे सुतारकाम करून घेतलेल्या घरांना माहीत असतं. खिडकीच्या कडेला ठिगळ चिकटवायला रबराचं सोल्यूशन पुरतं.

राहिले पट्टे. गुंडाळलेले पडदे वर बांधायला आणि छत कमानीला आवळायला आठ-दहा पट्टे लागतात. जुन्या पद्धतीच्या जीपला ते चामड्याचे असायचे आणि अजूनही "असली" म्हणून तेच लावून देतात. चाचा म्हणाले, "टिकाव चामड्याचाच हो. पण तुम्हाला चालणार नाही." मी पिशवीतून नवारीचं बंडल काढलं. आक्कांच्या जुन्या खाटेची नवार, पांढरी, जाड, सुती, आडव्या विणीची. ती खाट मोडल्यापासून माळ्यावर पडून होती. चाचांनी ती दोन्ही हातांनी ओढून पाहिली आणि म्हणाले, "आता अशी मिळत नाही." दुहेरी करून, मधे टीप मारून तिचे पट्टे केले. बकलं साधी लोखंडी. चामड्याला पर्याय नाही असं कुणी म्हटलं तर त्यांना सांगा, आपल्या आज्या-पणज्या नवारीवरच झोपत होत्या आणि ती काही तुटत नव्हती.

शिवण्याच्या आधी एक गोष्ट चाचांनी आवर्जून करायला लावली, ती लिहून ठेवते. माप जुन्या हुडाचं घ्यायचं नाही, गाडीचं घ्यायचं. जुनं कापड कुठं ताणलेलं, कुठं आटलेलं असतं, ब्लाउज जुन्या मापावर शिवला की होतं तसंच. आणि गाडीचं माप घ्यायच्या आधी सांगाडा सरळ. आमच्या मधल्या कमानीला अडीच-तीन इंचांचा बाक होता, तो काढला. गंजलेल्या जागा घासून रंग दिला. कारण नवं कापड आतून फाटतं ते गंजाच्या खरखरीनं, बाहेरच्या फांदीनं क्वचित. जिथं कापड पाइपवर टेकतं तिथं मी जुन्या सुती धोतराच्या पट्ट्या गुंडाळून दिल्या. ह्याला खर्च शून्य.

दोरा पॉलिस्टरचा घेतला. सुती दोरा पाण्यात फुगून सुईचं भोक बुजवतो हा त्याचा गुण, पण तो कुजतो, आणि एकदा दोरा गेला की कापड चांगलं असून उपयोग नाही. नायलॉन उन्हाला पॉलिस्टरपेक्षा लवकर हरतो. म्हणून पॉलिस्टर, आणि भोकांसाठी शिवणीवर पॅराफिनचा हात. टीप परकराच्या कडेसारखी दुमडून, दुहेरी. आणि दुमड अशी की वरचं कापड खालच्यावर यावं, कौलांसारखं, म्हणजे पाणी शिवणीत न थांबता उतरतं. मी हे सांगायला तोंड उघडलं तर मशीनवरचा मुलगा म्हणाला, "काकू, तेवढं येतं आम्हाला." येत होतं.

खिडक्यांवरून मात्र आमचं घरात वाजलं. ह्यांना मोठ्या खिडक्या हव्या होत्या, नातवंडांना बाहेरचं दिसावं म्हणून. माझं म्हणणं, कापडी हुडात सगळ्यात आधी जातं ते पारदर्शक प्लॅस्टिक. उन्हानं पिवळं पडतं, धुळीनं ओरखडतं, थंडीत ताठ होतं आणि तसंच गुंडाळलं की तडकतं. जेवढी खिडकी मोठी तेवढं हूड लवकर म्हातारं. शेवटी मागं एक मध्यम, कारण चालवणाऱ्याला मागचं दिसलंच पाहिजे, आणि बाजूला दोन लहान. जाड प्लॅस्टिक घेतलं. आणि खिडकी सुटी बदलता येईल अशी शिवून घेतली, म्हणजे चार वर्षांनी प्लॅस्टिक गेलं तर पडदा टाकून द्यायला नको. नातवंडांसाठी पडदा वर बांधला की सगळंच दिसतं, असं मी ह्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण पटलं असावं.

रंग खाकी. काळं जास्त तापतं, आणि आत तूप आहे. पांढरट घेतलं तर आमच्या मातीत चार दिवसांत तेही खाकीच होणार.

बसवण्याच्या दिवशी ह्यांचा हट्ट, ढोलकीसारखं ताणून बसवा. चाचा नको म्हणाले. रेक्झिन असतं तर उन्हात, गरम असताना ताणूनच बसवतात, कारण ते थंडीत आखडतं आणि उन्हात सैल पडतं. कॅनव्हासची गोष्ट वेगळी. ते कोरडं असताना थोडं सैल असावं लागतं, भिजलं की आपणहून आवळतं. कोरडंच टणक ताणलं तर पहिल्या पावसात टिच बटणं उपटून हातात येतात. तेव्हा पहिले दोन आठवडे छत जरा झोळ पडल्यासारखं दिसत होतं आणि शेजारचे भाऊजी रोज विचारायचे, "काय वहिनी, कापड कमी-जास्त झालं का?" परतीचा एक पाऊस पडला आणि त्यांचं विचारणं थांबलं.

विहाराला निघायच्या आधी मी पंधरा दिवस जीप उघड्या उन्हात उभी करून ठेवली, पडदे वर बांधून. कॅनव्हासलाही नवेपणी मेणाचा वास असतो. तो उडाल्यावरच सामान चढवलं.

आता निगा. कॅनव्हासला साबण किंवा पावडर लावायची नाही, मेणाचा हात धुऊन जातो. कोरडी धूळ मऊ कुंच्यानं झाडायची, डाग असला तर गाळलेल्या साध्या पाण्यानं. खिडकीच्या प्लॅस्टिकवर कोरडं फडकं फिरवायचं नाही, धुळीचेच ओरखडे पडतात. आधी पाणी सोडायचं, मग मऊ ओल्या फडक्यानं टिपायचं. गॅरेजमधली मुलं डिझेलचं फडकं मारून चकाकी आणतात, त्यांना लांब ठेवायचं. पडदा गुंडाळताना खिडकीवर जुन्या सुती साडीचा तुकडा ठेवून गुंडाळते, म्हणजे प्लॅस्टिक प्लॅस्टिकला घासत नाही. थंडीत सकाळी गुंडाळायचं नाही, नऊ-दहा वाजता ऊन लागून मऊ झालं की मग. पडद्याच्या चेनी प्लॅस्टिकच्या दातांच्या घेतल्या आहेत, त्यांवरून महिन्यातून एकदा मेणबत्ती फिरवते.

आणि गुंडाळायच्या आधी प्रत्येक घडी बघायची. हुडाच्या घड्या म्हणजे जीवांना आयता आसरा. कोळी, पाली, कुंभारीण माशीची मातीची घरटी, कमानीच्या खाली गांधीलमाशीचं पोळं. दसऱ्याच्या सुमाराला डाव्या कोपऱ्यात गांधीलमाशांनी घर धरलं होतं, अगदी नखाएवढं. तेव्हाच रोज तिथं हालचाल ठेवली, पडदा उघडा ठेवला, उजेड-वारा लागू दिला. दोन दिवसांत त्या आपणहून गेल्या. महिनाभर जीप झाकून उभी ठेवली असती तर तिथं तळहाताएवढं पोळं झालं असतं आणि मग कुणीतरी पेटता बोळा घेऊन आलं असतं. म्हणून उभ्या जीपचेही पडदे मी आठवड्यातून एकदा सोडून बघते.

दिवाळीनंतर संघ निघाला. अकरा मुक्काम जीप चौक्याबरोबर होती. पहाटे दव इतकं की छतावरून ओघळ यायचे, आत मात्र डब्यांची झाकणं कोरडी. एका मुक्कामाला शाळेच्या पटांगणात धुळीची वावटळ आली, तेव्हा दोन बायका पडद्याची टिच बटणं आतून धरून बसल्या. ती बटणं अजून दोन-दोन बोटं जवळ हवी होती असं दिसलं, चाचांकडून चार वाढवून घेतली, ८० रुपये. बाकी कापडाचं काही निघालं नाही.

जुन्या हुडाचा चांगला भाग कापून त्याच्या चार गोण्या शिवल्या, एक कडबाकुट्टीच्या यंत्रावर टाकली आहे. फाटलेल्या खिडकीचं प्लॅस्टिक आमच्या गड्यानं कोंबडीच्या खुराड्याला मागितलं, त्याला मी नाही म्हटलं. त्याच्या पोरीच्या दप्तराला आणि वह्यांना कव्हरं करून दिली. उरलेली आठ हात नवार अजून माझ्याकडं आहे. कुणाला जीपचे नाही तर पाळण्याचे पट्टे करायचे असतील तर घेऊन जा.